पहिल्या सुईचा मान

सहदेवला सत्तर वर्षांच्या आयुष्यात एकच पदवी मिळाली, आणि तीही चुकीची. शहाडच्या पुलापासून टिटवाळ्यापलीकडच्या पाड्यांपर्यंत लोक त्याला देवी डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर तो कधीच नव्हता. मॅट्रिक झाल्यावर आरोग्य खात्यात लस टोचायला लागलेला तो एक साधा कर्मचारी होता. आणि देवीचं म्हणाल, तर त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले सगळे देव टोपलीत बसून उल्हास नदीवर गेले होते. पण त्या काळी देवीचा रोग घालवायला जो सुई घेऊन येईल तो देवी डॉक्टर. बुद्धाच्या घरातला हा देवी डॉक्टर पुढे निवृत्त झाला, त्याची बायको गेली, गुडघे गेले, तरी नाव टिकून होतं. निदान त्याच्या स्वतःच्या कानात तरी.

दोन हजार एकवीसचा जून संपत आला होता. कल्याणच्या घरात बाप आणि लेक असे दोघेच होते. लेक मितेश वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. त्याची बायको अंतरा आठव्या महिन्यात, डोंबिवलीला माहेरी होती, आणि दोन महिने झाले, मितेशने तिला फक्त खालून पाहिलं होतं. अंतराचे वडील रवींद्र एप्रिलमध्ये करोनाने गेले. दवाखान्यातून त्यांना घरीसुद्धा आणता आलं नाही. त्या दिवसापासून अंतराच्या आईने, विमलाबाईंनी, एक नियम केला होता. लस घेतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत कुणीही यायचं नाही, मग तो जावई का असेना. अंतराला दिवस गेलेले, तिला अजून लस देत नव्हते, तेव्हा दुसऱ्यांनीच घ्यायची. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं आणि वाद घालायची कुणाची छातीही नव्हती.

म्हणून मितेश रोज संध्याकाळी वागळेहून परतताना ॲक्टिव्हा डोंबिवलीला वळवायचा, बिल्डिंगच्या गेटशी उभा राहायचा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे बघत फोनवर बोलायचा. समोर दिसणाऱ्या बायकोशी फोनवर बोलणारा नवरा! वॉचमनसुद्धा आता हसायचा थांबला होता. घरी आला की तो मोबाइल घेऊन बसायचा. लसीच्या जागा उघडायच्या आणि नंबर टाकेपर्यंत भरून जायच्या. पाच आठवडे हे चाललं होतं. डिलिव्हरी जवळ येत होती आणि मितेश चिडचिडा होत होता.

"आमच्या वेळी लोक लस बघून पळायचे," सहदेव एकदा म्हणाला. "कणगीत पोरं लपवायचे. आता लसच पळतेय."

"बाबा, प्लीज," मितेश म्हणाला. "आता तुमच्या वेळचं नको."

सहदेव गप्प बसला. पण गप्प बसणं वेगळं आणि आठवायचं थांबणं वेगळं. टीव्हीवर रांगा दाखवायला लागल्यापासून त्याचे जुने दिवस त्याच्या उशाशीच येऊन बसले होते. ती खाकी पिशवी, बर्फाचा थर्मास, दोन टोकांची बारीक सुई, ती थेंबात बुडवून दंडावर पंधरा वेळा टोचायची. सायकलवरून एकेका घरासमोर जाऊन घंटी वाजवायची, हाका मारायच्या, हातापाया पडायचं. लसच माणसांच्या दारात जायची. तो काळ हलाखीचा होता, उन्हाचा होता, पण सहदेवला तो फार गोड वाटायचा. म्हातारपणी माणसाला स्वतःची तंगडतोडसुद्धा गोड वाटते.

शनिवारी मितेश घरात शिरला तोच बोलत. "बाबा, वर्कशॉपमधला सलिल आहे ना, त्याने सांगितलं. टिटवाळ्याच्या पुढे एका गावात सेंटर सुरू झालंय. रोज पन्नास डोस. वीस ऑनलाइनवाल्यांना, तीस गावाला. आणि गावातलं कुत्रंसुद्धा येत नाही! मग ते तीस दुपारी उरतात, ते बाहेरून आलेल्यांना देऊन टाकतात. सलिल स्वतः घेऊन आलेला मंगळवारी. उद्या सकाळी लवकर जाऊन उभं राहायचं बस."

"गाव कुठलं?"

"करंजपाडा."

सहदेवने चहाचा कप खाली ठेवला. "मी येतो," तो म्हणाला.

"तुम्ही कशाला? तुमचे दोन्ही डोस झालेत."

"रस्ता दाखवायला."

मितेशकडे फोन होता आणि फोनमध्ये जगातले सगळे रस्ते होते. पण बापाचा चेहरा बघून त्याने मान डोलावली.

रविवारी सकाळी सातला दोघं निघाले. रात्रभर पडून पाऊस थांबला होता. शहाडच्या पुलावरून नदी तांबडी, फुगलेली दिसली. सहदेव मागे बसून मितेशच्या कानात ओरडत होता, इथे माझी सायकल पंक्चर झालेली, इथे चिंचेखाली आम्ही भाकरी खायचो. जिथे चिंच होती तिथे आता वीस मजली टॉवरची जाहिरात होती. टिटवाळा ओळखू येत नव्हतं. नवीन बिल्डिंगींना सगळीकडे हिरव्या जाळ्या. पण त्यापुढे डांबर संपलं, दोन्ही बाजूंना भाताची आवणं लागली, चिखलात लावणीला वाकलेल्या बायका दिसल्या. बावीस वर्षांचा होता तो, पहिल्यांदा या वाटेने आला तेव्हा.

त्या पहिल्या खेपेची गोष्ट त्याने मितेशला लहानपणी शंभरदा सांगितली असेल. त्र्याहत्तर साल. करंजपाड्याच्या तोंडाशीच एक झोपडी होती. नवा हुरूप, सहदेवने तिथल्याच पोराला पहिली सुई टोचली आणि पुढे गेला. पुढे एकूण एक घराचं दार बंद. कोणी शिवी दिली नाही की धोंडा मारला नाही. नुसती दारं लावलेली. तीन दिवस तो रोज आला आणि पारावर बसून परत गेला. त्याला वाटलं, लोक घाबरले. त्याने भाषणं दिली, चित्रं दाखवली. चौथ्या दिवशी विहिरीवर एका नव्या सुनेने पाणी शेंदता शेंदता त्याच्याकडे न बघता सांगितलं, गाव भ्यालेलं नाही, गाव रुसलंय. गावदेवीच्या भगताचं घर सोडून तू दुसरीकडेच पहिली सुई टोचलीस. पेरणीचं पहिलं बी त्या घरचं, होळीची पहिली लाकडं त्या घरची, मग देवीची पहिली सुई दुसऱ्याची कशी?

ती सून त्याच भगताच्या घरची होती. रंभा नाव. दुसऱ्या दिवशी भगताने नारळ फोडला, हात पुढे केला, आणि संध्याकाळपर्यंत करंजपाड्याचे एकशे बारा दंड टोचून झाले. खात्यातल्या साहेबांनी सहदेवची पाठ थोपटली. त्याने विहिरीवरची गोष्ट कुणाला सांगितली नाही, श्रेय एकट्यानेच खाल्लं.

एवढंच सांगायचा तो. त्याच घरचं आणखी थोडं होतं, ते सांगायचा नाही. लस टोचायला दंड धरावा लागतो, तिथे इलाज नव्हता, पण टोचून झाल्यावर तहान लागली तर सहदेवला त्या घरी ओट्याच्या तीन दगडी पायऱ्यांच्या खाली उभं राहावं लागायचं. पहिल्या वर्षी पाणी वरून ओंजळीत ओतलं. तिसऱ्या वर्षी पेल्यात दिलं, तो त्याने धुऊन पालथा घातला. पाचव्या वर्षी पेला धुवायला कोणी सांगितलं नाही, तरी त्याने धुतला. या आठवणीने तो कडवट व्हायला हवा होता, झाला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण माणसाचं मन सोयीचं असतं, ते एकशे बारा दंड लक्षात ठेवतं.

सेंटर शाळेत होतं. फाटकाबाहेर सात-आठ गाड्या आणि भिंतीलगत शहरातली माणसं, कुणाच्या हातात फोल्डिंगची खुर्ची, कुणाच्या हातात बिस्किटं. ऑनलाइनवाले वेगळे बसले होते, ऐटीत. उरलेल्या डोसांच्या आशेवर आलेले वेगळे उभे होते, त्यांत मितेशचा नंबर तिसरा लागला. त्याने हुश्श केलं. गावातलं खरोखरच कोणी नव्हतं.

आत संचिता सिस्टर डबा उघडत होती. तिशीची, कल्याणहून यायची, डोळ्यांखाली काळं झालेलं. शेजारी कॉम्प्युटरवर शाळेचे साईनाथ गुरुजी बसले होते, त्यांची ड्यूटी नोंदणीवर लावलेली. सहदेवने आपण खात्यातले जुने असल्याचं सांगितलं, तशी तिने त्याला खुर्ची दिली.

"घाबरतात हो, काका," ती म्हणाली. "मोबाइलवर काहीबाही बघतात. मी भोंगा फिरवला, घरोघर गेले. तोंडावर हो हो म्हणतात, येत कोणी नाही. पंधरा दिवस झाले. दोन म्हाताऱ्या वारल्या या पंधरा दिवसांत, तरी नाहीत. मला रात्री झोप लागत नाही."

"पहिल्या दिवशी पण कोणी आलं नव्हतं?"

तिने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आठवून सांगितलं, "एक आजी आलेली सकाळी सातलाच. नवं लुगडं, हातात नारळ. मी आधार मागितलं, मोबाइल मागितला, तिच्याकडे मोबाइल नव्हता. म्हटलं आजी, बसा, आधी ऑनलाइनवाल्यांचं होऊ दे, मग तुमचं बघतो. बाहेर गाड्या लागलेल्या, सगळे घाई करत होते. थोड्या वेळाने बघितलं तर गेलेली."

सहदेवला सगळं कळलं. पन्नास वर्षांनी तीच चूक, तेच गाव. त्याला हसूही आलं आणि वाईटही वाटलं, कारण त्या दोघांचा काडीचा दोष नव्हता. अशी गोष्ट परिपत्रकात लिहिलेली नसते.

"सिस्टर, कुपी उघडू नका," तो उठत म्हणाला. "मी आलोच. मी येईपर्यंत एकाही दंडाला सुई लावू नका."

"काका, नऊचा टाइम आहे माझा."

"दहापर्यंत थांबा. पन्नास वर्षांपूर्वी मीसुद्धा याच गावात घाई केली होती."

भगताच्या घरावर आता स्लॅब होता, गॅलरीला स्टीलचे पाइप होते. पण ओट्याच्या पायऱ्या त्याच होत्या, तीन. वर खुर्चीत एक म्हातारी रानातली करटोली निवडत बसली होती. सहदेव पायऱ्यांपाशी आला आणि थांबला. आपण थांबलो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्याच्या तोंडाला मास्क होता, डोक्यावर टोपी. ती बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघत राहिली.

"इतक्या खाली कोन उभा ऱ्हातो?" ती म्हणाली. मग एकदम, "देवी डाक्टर?"

सहदेवने मास्क खाली केला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलं नाही. पन्नास वर्षांत बायकोने, लेकाने, साहेबांनी त्याला कितीतरी हाका मारल्या असतील, पण ही हाक कानावर आली आणि गुडघे दुखायचे थांबले, असं त्याने नंतर मितेशला सांगितलं.

"वर ये रं," रंभा म्हणाली. "आता कोन हाय तुना खाली उभा करनारा? सगली मेली."

तो तीन पायऱ्या चढला. तिसरी चढताना अंमळ थांबला. मग वर जाऊन खुर्चीवर बसला. रंभाने नातसुनेला हाक मारून चहा मागवला, आणि चहा कपात आला, तिच्या कपासारख्याच कपात.

"सेंटरवर का जात नाहीस?" त्याने विचारलं.

"गेलते ना." ती करटोली बाजूला ठेवून ताठ बसली. "नारल घेऊन गेलते. या घरातून जातीन तवा गाव जाईल, हे मना ठाव हाय. त्यांनी मना सांगितला, बस तिकडं. मी बसले. गाडीवाले येत ग्येले आनि टोचून जात ग्येले. आमच्या गावान्, आमच्या शालेन्, आमी बाजूला. माझ्या सासऱ्यानं बघितला असता तं काय बोलला असता? नारल घेऊन घरी आले. त्यो देव्हाऱ्यात हाय अजून."

"आणि गाव?"

"गाव काय? मी नाय तं गाव नाय. मी कोनाला जाऊ नको बोलले नाय. पन जा पन बोलले नाय."

"दोन बायका गेल्या म्हणे."

रंभाचं तोंड उतरलं. "एक माझी जाऊ," ती म्हणाली.

सहदेव पुढे झुकला. "चल. आज अजून कुपी उघडलेली नाही. तुझ्याआधी कोणाच्या अंगाला सुई लागणार नाही. शब्द देतो."

शब्द देताना हिशोब त्याच्या डोक्यात होता, नव्हता असं नाही. तीस डोस गावाचे. रंभा आली तर गाव येणार. गाव आलं तर काही उरणार नाही, आणि भिंतीशी तिसरा उभा असलेला त्याचा लेक रिकाम्या हाताने परत जाणार. हे सगळं त्याला त्या ओट्यावर स्वच्छ दिसलं. तरी त्याने शब्द दिला. जाऊ गेलेली बाई समोर होती म्हणून दिला, हे खरं. आणि तिने देवी डॉक्टर म्हणून हाक मारली म्हणून दिला, हेही तितकंच खरं.

शाळेत परत येऊन त्याने संचिताला सांगितलं तेव्हा ती बघतच राहिली. "एवढंच? मानाचं होतं?" मग तिने कपाळावर हात मारला. "अहो काका, मला कोणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी मी स्वतः फोडला असता नारळ!"

ऑनलाइनवाल्यांत एक नंबरवर ठाण्याचे एक गृहस्थ होते. ते घड्याळ दाखवायला लागले. "माझा स्लॉट नऊ ते अकरा आहे. आम्ही लांबून आलोय. हे काय चाललंय?"

"साहेब, तुमचा डोस तुमचाच आहे, पळून जात नाही," संचिता म्हणाली. "एका आजींच्या मागे थांबायचंय फक्त. आणि त्या इथल्याच आहेत, तुम्ही पाहुणे आहात."

गृहस्थ पुटपुटले, पण बसले.

मितेशने सगळं ऐकलं होतं. तो बापाला बाजूला घेऊन गेला, शाळेच्या पंपापाशी. "बाबा, गाव आलं तर उरणार काय?"

"काही नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मितेश ओरडला असता तर बरं झालं असतं. "चार आठवडे राहिलेत फक्त," तो म्हणाला, आणि जाऊन ॲक्टिव्हावर बसला. किल्ली लावली. सहदेवला वाटलं, गेला आता. पण त्याने गाडी सुरू केली नाही, नुसता बसून राहिला.

पावणेदहाला रंभा आली. हिरवं लुगडं, हातात तोच नारळ, मागे नातसून. आधी पाच-सहा बायका, त्यांच्या मागे आणखी, मग बापे, मग शेतातून चिखलाच्या पायांनीच आलेली माणसं. गाजावाजा नाही, काही नाही, एकामागोमाग एक सगळे निघून आले होते. शहरातली माणसं भिंतीशी आणखी सरकली. नारळ संचितानेच फोडला. फोडायची सवय नव्हती, तिसऱ्या वेळी फुटला. रंभा खुर्चीत बसली आणि दंड पुढे करून सहदेवकडे बघत म्हणाली, "यानंच टोचायची."

"मला आता सुईला हात लावायची परवानगी नाही," सहदेव हसत म्हणाला. "बाईंचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मी टोचायचो पंधरा वेळा, ह्या एकदाच टोचतात."

"एकदाच?" रंभा म्हणाली. "मग काय उपेग?" आणि सगळी शाळा हसली. त्या हसण्यात सुई लागून गेलीसुद्धा.

रंभा उठली तशी गावाने रांग धरली. साईनाथ गुरुजींची तारांबळ उडाली. निम्म्या लोकांकडे फोन नव्हते, नोंदणी अडायला लागली. कोणाच्या तरी नंबरावर नावं घालायला हवी होती. एका नंबरावर चौघं चालायचे. सहदेव खिशातून आपला जुना फोन काढतच होता तेवढ्यात मागून मितेश आला, खुर्ची ओढून गुरुजींच्या शेजारी बसला. "माझ्या नंबरवर मी एकटाच आहे," तो म्हणाला. "तीन जागा आहेत. घ्या." मग तो तिथेच बसून राहिला, आधार कार्डं वाचत, नावं टाइप करत. बापाकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही.

साडेबाराला तीस पुरे झाले. वीस ऑनलाइनवाल्यांचेही झाले. गावातले पन्नासेक जण अजून रांगेत होते, त्यांना संचिताने उद्याचे नंबर लिहून दिले. ती रडत होती आणि हसत होती. भिंतीशी उभी असलेली शहरातली माणसं गाड्या वळवून निघून गेली, जाताना कोणीतरी सहदेवला ऐकू जाईल असं काहीतरी बोललं. रंभाने निघताना करटोल्यांची पिशवी मितेशच्या हातात दिली. "बायकोला दे," ती म्हणाली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, तिने सहजच म्हटलं. मितेशने पिशवी गाडीच्या हुकाला अडकवली.

परतताना शहाडच्या पुलावर सहदेवला बोलावंसं वाटलं, पण सकाळसारखं काही दाखवायला आता त्याच्याकडे नव्हतं. कल्याण आलं तरी मितेश थांबला नाही. सरळ डोंबिवलीला नेलं.

अंतरा गॅलरीतच उभी होती, पोटावर हात ठेवून, सकाळपासून वाट बघत असल्यासारखी. मितेशने फोन लावला. "नाही मिळाली," तो म्हणाला. वर ती एकदम खाली बसलेली दिसली. गॅलरीच्या कठड्यामुळे नंतर दिसेना.

सहदेवने मितेशच्या हातातून फोन घेतला. "अंतरा, स्पीकरवर टाक आणि आईला बोलाव," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. गाव, रंभा, नारळ, शब्द. आपण हिशोब केला होता आणि तरी शब्द दिला, हेही सांगितलं. त्या बाईने जुन्या नावाने हाक मारली आणि मी फुगलो, हेही. मितेशचा काही दोष नाही, तो तिसरा होता, त्याला मिळाली असती, असं म्हणून तो थांबला.

थोड्या वेळाने जिन्यात चपला वाजल्या. विमलाबाई खाली आल्या होत्या. मास्क लावलेला, केस विस्कटलेले. दहा पावलांवर थांबल्या. त्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या तरी आवाजातली शाळा गेली नव्हती.

"त्या आजींना किती वेळा परत पाठवलेलं?" त्यांनी विचारलं.

"एकदा," सहदेव म्हणाला.

"यांना तीनदा पाठवलं." यांना म्हणजे रवींद्रना. "मार्चमध्ये दोनदा आणि एप्रिलच्या दोन तारखेला. संपली, उद्या या. तिसऱ्यांदा आले ते ताप घेऊनच. रांगेतच लागला असणार. हे मी कोणाला सांगितलं नाही, अंतराला पण आत्ताच कळतंय." त्यांचा आवाज कापला नाही, फक्त हळू झाला. "तुम्ही आज एका परक्या बाईला घरी जाऊन घेऊन आलात. चांगलं केलंत. मला राग नाही. पण मार्चमध्ये तुम्ही कुठे होता?"

सहदेवला मार्च आठवला. खात्यातल्या जुन्या ओळखीच्या माणसाचा फोन आला होता, या, तुमच्यासारख्या जुन्या माणसाला रांग कसली. तो गेला होता. त्याला पहिली खुर्ची दिली होती, फूल दिलं होतं, फोटो काढला होता. घरी येऊन त्याने तो फोटो व्याह्यांना पाठवला होता, आणि रवींद्रनी उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. तुमचं काय झालं, एवढं साधं विचारायचं सहदेवला सुचलं नव्हतं.

"घरी होतो, विहीणबाई," तो म्हणाला. "माझा डोस झाला होता."

विमलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मितेश बाजूला उभा होता, तोही बघत होता, सकाळपासून पहिल्यांदाच सरळ बापाच्या तोंडाकडे. वर गॅलरीत अंतरा पुन्हा उभी राहिली होती.

"उद्या त्याला घेऊन परत जा," विमलाबाई शेवटी म्हणाल्या. "गावाचं होऊ दे आधी. परवा जा, तेरवा जा. नाही तर कल्याणला जा, ठाण्याला जा, जिथे रांग असेल तिथे. पण तो रांगेत असेल तोवर तुम्ही त्याच्या शेजारून हलायचं नाही."

सहदेवने होकाराची मान हलवली. मितेशने त्याच्या हाताला धरून त्याला वॉचमनच्या खुर्चीत बसवलं.